मराठी मुलांना ऑनलाइन लॅटिन शिकवायचं तर

लॅटिन शिकवण्याची बहुतेक तयार साधनं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेली असतात. नामाला तीन लिंगं असतात, कर्म ओळखायला शब्दाचा शेवट बघायचा, क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, हे समजावण्यात त्यांची सुरुवातीची बरीच पानं खर्ची पडतात. मराठी घरातल्या नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला हे सगळं बोलायला लागल्यापासून येत असतं. उलट काही ठिकाणी मराठीमुळेच मूल हमखास घसरतं, आणि त्या जागांची दखल या साधनांत नसते. म्हणून मूल शाळेत इंग्रजी माध्यमाचं असलं तरी लॅटिन मराठीतून शिकवावं. पुण्यातल्या मुलाला हे लागू आहे, तसं घरी मराठी बोलणाऱ्या न्यू जर्सीतल्या मुलालाही.

खाली लॅटिन शब्द देवनागरीत दिलेत ते शिकवणाऱ्याला उच्चार कळावा म्हणून. शेवटचा आ दीर्घ असेल आणि त्यावर अर्थ अवलंबून असेल, तिथे पुढे अवग्रह (ऽ) दिला आहे. मुलांच्या वहीत आणि पडद्यावर मात्र पहिल्या दिवसापासून रोमन लिपीच हवी.

वर्गाची मांडणी

एका गटात चार ते सहा मुलं, आठवड्यातून दोन वर्ग, बारा आठवडे. असे 24 वर्ग धरले की पाया होतो. वर्ग 40 मिनिटांच्या आत संपवा. या वयाची मुलं पडद्यासमोर त्याहून जास्त टिकत नाहीत, शिवाय झूमच्या फुकट खात्यावर 40 मिनिटांनी सगळेच बाहेर फेकले जातात. निरोप घ्यायला 37व्या मिनिटाला सुरुवात केली की वाक्य अर्ध्यात तुटत नाही.

ऑनलाइन लॅटिनची खरी अडचण आवाजाची आहे. लॅटिनमध्ये अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो, आणि पार्श्वभूमीचा आवाज दाबणारी सोय नेमका तो शेवटचा हलका म् किंवा स् कधी कधी गिळून टाकते. मुलाने बरोबर ‘पुएल्लाम्’ (मुलीला) म्हटलेलं असतं, तुम्हाला ‘पुएल्ला’ (मुलगी) ऐकू येतं आणि तुम्ही त्याला चुकीचं ठरवता. यावर तीन उपाय एकदम करावे लागतात. प्रत्येक मुलाकडे माइकचा हेडफोन हवा. मीटिंगच्या सेटिंगमध्ये आवाज दाबण्याची पातळी कमीत कमी ठेवावी. आणि प्रत्येक रूपाला हाताची खूण ठरवावी: कर्ता म्हणताना हात स्वतःच्या छातीवर, कर्म म्हणताना तळवा समोर. आवाज तुटला तरी मुलाला काय म्हणायचंय ते दिसतं.

पाढ्यासारखं सगळ्यांनी एका सुरात म्हणणं ऑनलाइन जमत नाही. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि नुसता गलका होतो. सगळ्यांचे माइक बंद ठेवून एकाचाच चालू ठेवा. तो म्हणेल, बाकीचे बंद माइकवर म्हणतील आणि तुम्ही ओठ बघाल. दुसरा प्रकार साखळीचा: पहिला ‘पोर्तो’ (मी नेतो), दुसरा ‘पोर्तास्’ (तू नेतोस), तिसरा ‘पोर्तात्’ (तो नेतो). एक मूल अडलं की साखळी तुटते, त्यामुळे सगळे कान देऊन ऐकतात.

चॅटमध्ये उत्तर मागितलं की सगळ्यात हुशार मूल चार सेकंदांत टाकतं आणि उरलेली तेच उतरवतात. म्हणून सगळ्यांनी उत्तर लिहून थांबायचं आणि तुम्ही ‘उनुस्, दुओ, त्रेस्’ म्हटल्यावरच पाठवायचं. फोन किंवा टॅबवर आपोआप स्पेलिंग दुरुस्त करणारी सोय आधी बंद करून घ्या, नाहीतर ‘एस्त्’चं (आहे) काहीतरी इंग्रजी होऊन येतं आणि मूल शपथेवर सांगतं की मी बरोबर लिहिलं होतं. ते खरंच असतं. दीर्घ स्वरावरची आडवी रेघ फोनवर अक्षर दाबून धरलं की मिळते, विंडोजच्या संगणकावर माओरी भाषेचा कीबोर्ड जोडून घेतला की काम होतं.

मुलांना झूमच्या वेगवेगळ्या खोल्यांत (ब्रेकआउट रूम) पाठवण्याचा मोह आवरा. पाठवायचंच तर एकच काम आणि तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला गप्पा माइनक्राफ्टवर गेलेल्या असतात.

याहून उपयोगी पडतात ते पुठ्ठ्याचे तुकडे. प्रत्येक मुलाने घरी असे दहा पत्ते करून ठेवायचे, एकेकावर एक शब्द, जाड मार्करने, अक्षरं निदान चार सेंटीमीटर उंच. तुम्ही चित्र दाखवलं की त्यांनी शब्द क्रमाने कॅमेऱ्यासमोर धरायचे. पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडतं, ‘माझी अक्षरं उलटी दिसतायत!’ स्वतःचं चित्र आरशासारखं दिसतं, बाकीच्यांना सुलट दिसतं, हे आधीच सांगून टाका.

उच्चार

इथे मराठी मूल पुढे असतं, पण इंग्रजी शाळेतल्या सवयीने ते मागे येतं. रोमन लिपीतला टी दिसला की ते ‘ट’ म्हणतं. लॅटिनमध्ये त आणि द दंत्य आहेत: ‘तेर्रा’, ‘दोनुम्’. र आपलाच. जोडाक्षर खरोखर दुहेरी म्हणायचं, ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत आपण फरक करतो तसंच. ग्रीकमधून आलेल्या शब्दांतले थ, फ, ख हे महाप्राण इंग्रजी मुलांना अवघड जातात, आपल्याला ते आयते मिळालेत.

प्राचीन रोमन उच्चार घ्यायचा की चर्चमधला, हे पहिल्या वर्गाआधी ठरवा. प्राचीन उच्चारात सी हे अक्षर नेहमी ‘क’ असतं, चर्चच्या उच्चारात इ आणि ए यांच्याआधी ते ‘च’ होतं. आपण ‘आइ’ म्हणतो तिथे चर्चमध्ये ‘ए’ म्हणतात. वसईच्या किंवा गोव्याच्या मुलांनी चर्चमध्ये लॅटिन गाणी म्हटलेली असतील तर त्यांच्या कानात दुसरा उच्चार बसलेला असतो. तो चूक आहे असं म्हणू नये. दोन्ही खरे आहेत, वर्गात एकच वापरायचा, एवढंच सांगावं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शाळेतही लॅटिन असलेली मुलं असतील तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: शाळेत विभक्तींचा क्रम कोणता आहे? अमेरिकन पुस्तकांत बहुधा प्रथमेनंतर षष्ठी येते, ब्रिटिश पुस्तकांत प्रथमा, संबोधन, द्वितीया असा क्रम असतो. हे न विचारता तक्ता दिला की मूल दोन तक्त्यांत अडकतं.

पहिले तीन वर्ग

यांत व्याकरणाचं नावही काढू नका. हजेरीला ‘आद्सुम्’, म्हणजे हजर. भेटल्यावर ‘साल्वे’, अनेकांना ‘साल्वेते’. इथेच पहिली गंमत होते: मुलं तुम्हाला एकट्याला ‘साल्वेते’ म्हणतात, कारण शिक्षकांना ‘अहो’च म्हणायचं हे अंगवळणी पडलेलं असतं. लॅटिनमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. सम्राटालाही ‘तू’च, हे ऐकून मुलं खूश होतात.

मग नकाशा. ‘रोमा इन् इतालियाऽ एस्त्’, ‘इंदिया इन् आसियाऽ एस्त्’. इंदिया हे नाव रोमन लेखकांनीच वापरलेलं आहे, ते काही आपण बनवलेलं नाही. ‘उबि एस्त् रोमा?’ म्हणजे रोम कुठे आहे? ‘क्विस्’ म्हणजे कोण, ‘क्विद्’ म्हणजे काय. तिसऱ्या वर्गाच्या शेवटी प्रत्येक मुलाला वीस-बावीस शब्द आणि चार प्रश्न यायला हवेत. एका वर्गात आठाहून जास्त नवे शब्द देऊ नका. 24 वर्गांत मिळून 150 शब्द पक्के झाले तरी भरपूर आहे.

कर्ता आणि कर्म

चौथ्या ते सातव्या वर्गात एवढंच. हे वाक्य पडद्यावर लिहा: ‘पुएल्ला एक्वुम् विदेत्’, मुलगी घोड्याला बघते. आता पहिले दोन शब्द उलटे करा: ‘एक्वुम् पुएल्ला विदेत्’. अर्थ बदलला का? मराठीत करून बघा: घोड्याला मुलगी बघते. नाही बदलला. आता शेपट्या बदला: ‘पुएल्लाम् एक्वुस् विदेत्’, मुलीला घोडा बघतो. मुलं हसतात आणि त्या हसण्यातच मुद्दा पोचलेला असतो. संस्कृत घेतलेलं एखादं मोठं भावंड शेजारी बसलं असेल तर ते ‘माला, मालाम्’ म्हणून मान डोलावेल. वर्गात आशा, मीरा किंवा सारा असेल तर तिचं नावही तसंच चालवा: ‘एक्वुस् मीराम् विदेत्’. मुलग्यांच्या नावांना ओढूनताणून ‘उस्’ लावू नका, त्यांना मार्कुस्, तितुस्, गाइउस् यांतलं एक रोमन नाव निवडू द्या.

आता सापळा. मराठीत ‘ला’ बहुधा सजीव कर्मालाच लागतो. ‘घोड्याला बघते’, पण ‘पाणी नेते’. त्यामुळे पाणी आलं की मूल ‘पुएल्ला आक्वा पोर्तात्’ लिहितं. त्याच्या मराठीच्या हिशोबाने ते बरोबरच आहे. म्हणून या चारांतले पहिले दोन वर्ग कर्म म्हणून फक्त माणसं आणि जनावरं वापरा: घोडा, मुलगा, मुलगी, शेतकरी, लांडगा. म् ची सवय झाली की त्यांतल्या तिसऱ्या वर्गात पाणी, गुलाब, पत्र आणा आणि स्पष्ट सांगा की लॅटिन निर्जीवालाही ‘ला’ लावतं. ‘पाण्याला नेते’ असं मुद्दाम वेडंवाकडं मराठी दोन दिवस बोलू द्या, नंतर ते आपोआप सुटतं.

‘आमात्’ या क्रियापदाचा अर्थ ‘आवडतो’ असा देऊ नका. मराठीत आवडणाऱ्याला ‘ला’ लागतो आणि आवडती वस्तू कर्ता होते, लॅटिनमध्ये नेमकं उलट. ‘मुलगी घोड्याला जीव लावते’ असा अर्थ दिला की ‘पुएल्ला एक्वुम् आमात्’ जागच्या जागी बसतं. आवडण्याचं लॅटिन वेगळंच आहे: ‘एक्वुस् मिहि प्लाकेत्’, घोडा मला आवडतो. शब्दाला शब्द जुळतो. तसंच ‘मिहि फ्रातेर् एस्त्’ म्हणजे मला भाऊ आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना ही रचना शेवटी शेवटी भेटते, आपण ती सातव्या वर्गात एक वाक्प्रचार म्हणून देऊन टाकू शकतो.

क्रियापदं आणि विशेषणं

क्रियापदाचं लिंग कुठे गेलं, असं कुणीतरी विचारणारच. ‘पोर्तात्’ म्हणजे नेतो, नेते, नेतं, तिन्ही. उलट मराठीत ‘मी नेतो’ आणि ‘तो नेतो’ सारखंच, लॅटिनमध्ये ‘पोर्तो’ आणि ‘पोर्तात्’ वेगळं. आधी फक्त ‘त्’ आणि ‘न्त्’, म्हणजे एक आणि अनेक. पहिला आणि दुसरा पुरुष नवव्या वर्गात. वर्तमानकाळ सोडून कुठलाही काळ 20व्या वर्गाआधी नको.

विशेषणं मराठी मुलाला फुकट मिळतात: चांगला, चांगली, चांगलं तसं बोनुस्, बोना, बोनुम्. अडचण ‘सुंदर’सारख्या न बदलणाऱ्या विशेषणांची. ‘सुंदर मुलगी’ म्हणायची सवय असल्याने मूल ‘पुएल्ला पुल्खेर्’ लिहितं, हवं ‘पुल्ख्रा’. दुसरी अडचण लिंगाची. पाणी नपुंसकलिंगी पण ‘आक्वा’ स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी पण ‘लिबेर्’ पुल्लिंगी. शब्द पाठ करतानाच विशेषण लावून पाठ करायचा: ‘लिबेर् बोनुस्’. आणि ‘आग्रिकोला’, शेतकरी, आकारान्त असूनही पुल्लिंगी: ‘आग्रिकोला बोनुस्’.

याच वर्गांत अंगणातली झाडं आणा. आंब्याचं शास्त्रीय नाव मांगिफेरा इंदिका, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 साली दिलेलं. ‘फेरा’ म्हणजे धारण करणारी. संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचंच हे भावंड. नारळाचं नाव कोकोस् नुकिफेरा: ‘नुक्’ म्हणजे कठीण कवचाचं फळ. मग चिंच: तामारिंदुस् इंदिका. पिंपळ: फिकुस् रेलिगिओसा. शहाणं मूल लगेच विचारतं, ‘उस्’ असताना विशेषण आकारान्त कसं? लॅटिनमध्ये झाडांची नावं स्त्रीलिंगी असतात, म्हणून. मोर मात्र पावो क्रिस्तातुस्, तुरेवाला. गृहपाठ: घराजवळची पाच झाडं किंवा पक्षी शोधायचे, नाव लिहायचं आणि विशेषणाच्या शेवटावरून लिंग सांगायचं. जीवशास्त्रात ग्रीक आणि स्थानिक शब्दही खूप आहेत, त्यामुळे प्रत्येक नाव फोडायला जाऊ नये.

संस्कृत-लॅटिन नातेवाईक शब्द मुलांना फार भावतात: पातेर् आणि पितृ, देन्स् आणि दन्त, इग्निस् आणि अग्नि, सेप्तेम् आणि सप्त. वर्गाला दोन पुरेत. जास्त झाले की मुलं कुठल्याही दोन शब्दांचं लग्न लावायला लागतात. त्या दिवशी ‘मालुम्’ दाखवा. म्हणजे सफरचंद, हिंदीतल्या मालूमशी त्याचा काही संबंध नाही.

उरलेल्या विभक्ती

षष्ठीत मराठीचा ‘चा, ची, चे’ पुढच्या नामाप्रमाणे बदलतो: मुलीचा घोडा, मुलीची आई. लॅटिनमध्ये ‘पुएल्लाइ एक्वुस्’, ‘पुएल्लाइ मातेर्’, बदल नाही. हे सोपंच आहे, पण मूल बदल शोधत राहतं. खरा गोंधळ हा की ‘पुएल्लाइ’ हे एकच रूप ‘मुलीचा’, ‘मुलीला’ आणि ‘मुली’ अशी तीन कामं करतं. अनेकवचन आठव्या वर्गात, षष्ठी 14व्या, चतुर्थी 16व्या असं अंतर ठेवा. तिन्ही एका तक्त्यात एकदम दाखवले की महिनाभर निस्तरत बसावं लागतं.

चतुर्थीला मराठी दगा देते, कारण द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचा प्रत्यय ‘ला’. ‘घोड्याला बघते’ म्हणजे एक्वुम्, पण ‘घोड्याला पाणी देते’ म्हणजे ‘एक्वो आक्वाम् दात्’. मुलांना कसोटी द्या: वाक्यात ‘काय?’चं वेगळं उत्तर असेल, तर ‘ला’वाला चतुर्थीत. बघण्यात एकच कर्म, देण्यात दोन. देणे, सांगणे, दाखवणे ही तीनच क्रियापदं घेऊन दोन वर्ग खेळा. एकाने वस्तू कॅमेऱ्याकडे पुढे करायची, दुसऱ्याने ती घेतल्यासारखं करायचं, तिसऱ्याने वाक्य म्हणायचं.

तृतीया, पंचमी आणि सप्तमीचं बरंचसं काम लॅटिनमध्ये अब्लातिव्ह या एकाच विभक्तीकडे आहे. तिला मराठी नाव देऊ नका, कुठलंही दिलं तरी अर्धवट ठरतं. ‘इन्’ घेऊन सुरू करा. पाण्याचं भांडं आणि खेळण्यातला बेडूक कॅमेऱ्यासमोर ठेवा. बेडूक पाण्यात पडतो: ‘इन् आक्वाम्’. बेडूक पाण्यात आहे: ‘इन् आक्वाऽ’. मराठीत दोन्हीकडे ‘पाण्यात’, लॅटिनमध्ये हालचालीला द्वितीया आणि मुक्कामाला अब्लातिव्ह. हात खाली जात असेल तर म्, हात थांबलेला असेल तर लांब आऽ. टेबलावर टॉवेल आधीच पसरून ठेवायला सांगा.

शेवटचे चार-पाच वर्ग

तिसऱ्या गणातली, म्हणजे रूपं चालवण्याच्या तिसऱ्या गटातली, नामं पुस्तकांत भीतीदायक दिसतात: ‘रेक्स्’चं (राजा) ‘रेगेम्’ (राजाला) कसं झालं? मराठी मूल घोडा-घोड्याला, पाणी-पाण्याला हे रोज करतं. आपल्याकडे त्याला सामान्यरूप म्हणतात. ‘रेक्स्’चं सामान्यरूप ‘रेग्’, त्याला प्रत्यय लावायचे. प्रत्येक नाम दोन रूपांत पाठ करायचं, ‘रेक्स्, रेगिस्’, कारण षष्ठीवरून सामान्यरूप कळतं. या टप्प्यावर असे सहा-आठ शब्द बास.

भूतकाळात आधी अपूर्ण घ्या: ‘पोर्ताबात्’, नेत होती. पूर्ण भूतकाळ पुढच्या सत्रावर ढकला. ‘मुलगी पाणी नेत होती’ यात मुलगी कर्ता म्हणून सरळ उभी असते. ‘मुलीने पाणी नेलं’ म्हटलं की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. मग मूल ‘पुएल्ला आक्वाम् पोर्तावित्’ लिहिण्याऐवजी मुलीला अब्लातिव्हमध्ये ढकलतं, आणि ‘मुलीने घोडे पाहिले’ असेल तर क्रियापद अनेकवचनी करतं. हे समजावता येतं, पण शेवटच्या आठवड्यात नव्हे.

गृहपाठ आणि तपासणी

भाषांतर करून पाठवा असा गृहपाठ देऊ नका. गूगल ट्रान्सलेटमध्ये लॅटिन आहे आणि मुलांना ते माहीत आहे. त्याऐवजी तीन वाक्यं मोठ्याने वाचून 30 सेकंदांचा ऑडिओ, आणि पेन्सिलीने काढलेलं चित्र खाली एका लॅटिन वाक्यासह, त्याचा फोटो. ऑडिओत शेपट्या नीट ऐकू येतात, वर्गातल्यासारख्या गिळल्या जात नाहीत. म्हणून खरी तपासणी तिथेच करा आणि उत्तरही 15 सेकंदांच्या ऑडिओनेच द्या. ऑडिओ आणि फोटो कुठे पाठवायचे हे पालकांशी आधी ठरवा. वर्ग रेकॉर्ड करायचा असेल तर सगळ्यांची परवानगी घ्या.

दर चौथ्या वर्गाला पाच मिनिटांची चाचणी: तुम्ही सहा वाक्यं म्हणायची, मुलांनी चित्रांपैकी बरोबर चित्राचा आकडा बोटांनी दाखवायचा. त्यांतली दोन वाक्यं उलट्या शब्दक्रमाची हवीत. सहापैकी पाच बरोबर आले तर पुढे जा. चारच आले तर पुढचा धडा थांबवा आणि घोडा-मुलीचे पत्ते पुन्हा काढा. बहुतेक वेळा गाडी म् वरच अडलेली असते.